सावंतवाडी: जत्रा, चितारआळी आणि दोन दिवसांचा बेत

घाटावरची

नमस्कार मंडळी. आईच्या रुखवतातला एक लाकडी फणस आमच्या घरात आहे. चाळीस वर्षं काचेच्या कपाटात होता. गेल्या दिवाळीत साफसफाईच्या वेळी माझ्या सहा वर्षांच्या लेकीनं तो खाली उतरवला आणि तेव्हापासून तो तिच्या भातुकलीत आहे. मागच्या महिन्यात पडून त्याचा रंग उडाला. आतलं लाकूड पांढरट आणि इतकं हलकं, की हातात काही आहे असं वाटू नये. सासऱ्यांनी विचारलं, "हे लाकूड कुठलं?" आम्हाला कुणालाच सांगता येईना. आईला एवढंच आठवतं, की तिच्या मामानं तो सावंतवाडीहून आणला होता.

तर आता तिथेच जावं असं ठरतंय. शनिवार-रविवार दोनच दिवस आहेत. पुण्याहून आंबोलीमार्गे जाऊ. आई अडुसष्ट वर्षांची आहे, गुडघे दुखतात. तिला कोकणातली जत्रा आणि दशावतार बघायचाय, मला खेळणी घडताना बघायचीत. दुकानातून पिशवी भरून परत यायचं नाहीये. जत्रेत लाकडी वस्तूंची दुकानं असतात ना? दोन्ही गोष्टी एका खेपेत जमतील का?

तांबडी_माती

ताई, माझं माहेर सावंतवाडी तालुक्यातलं. जमेल, पण आधी एक गैरसमज दूर करते. लाकडी वस्तूंची अशी वेगळी जत्रा आमच्याकडे भरत नाही. जत्रा देवाची. कार्तिकापासून माघापर्यंत गावोगावच्या देवस्थानांच्या जत्रा तिथीप्रमाणे होतात. त्या मोसमातला कुठलाही शनिवार-रविवार धरा, आसपास कुठे ना कुठे जत्रा सापडतेच. तिथी आधी बघा, मग रजा टाका.

जत्रेत खाज्याची दुकानं ओळीनं असतात. आलं घातलेलं, गुळात घोळवलेलं मालवणी खाजं. ते घेतल्याशिवाय जत्रेहून घरी गेलेला माणूस मी पाहिलेला नाही. पोळपाट, लाटणी, रव्या, आडाळे (विळ्या), परड्या मांडून बसलेली माणसं अजून दिसतात, पण माझ्या लहानपणापेक्षा कमी. मुलांच्या खेळण्यांच्या दुकानांत आता बहुतेक प्लास्टिकच. लाकडी खेळण्यांसाठी चितारआळीत जा, म्हणजे सावंतवाडीतल्या लाकडी वस्तूंच्या दुकानांच्या गल्लीत. ती वर्षभर भरलेलीच असते.

सोनुर्लीच्या माउलीची जत्रा मोठी, त्रिपुरारी पौर्णिमेनंतरची. लोटांगणाची जत्रा म्हणून ती प्रसिद्ध आहे. दर्शन डोळ्यांत मावत नाही, पण गर्दी अफाट. आईचे गुडघे दुखत असतील तर मार्गशीर्षातली एखादी लहान गावची जत्रा गाठा. देवळासमोर बसायला जागा मिळते आणि दशावतार अगदी हातभर अंतरावरून दिसतो.

रंधा

मी सुतार नाही, पण गेली बारा वर्षं नाशिकला घरच्या गच्चीवर लाकूडकाम करतो. तुमच्या वर्णनावरून लाकूड पांगारा वाटतं. नखानं दाबून बघा, खूण उठेल. सावंतवाडीची रंगीत फळं पूर्वी प्रामुख्यानं पांगाऱ्याचीच. मऊ असल्यामुळे पटाशी लोण्यातून गेल्यासारखी जाते, वाळल्यावर वजन राहत नाही, आणि रेषा ठळक नसल्यामुळे रंगाचा थर सपाट बसतो. लहान मुलाच्या पायावर पडलं तरी लागत नाही, हा मला त्यातला सगळ्यात मोठा गुण वाटतो.

आता पुरेसा जाड पांगारा सहज मिळत नाही, म्हणून आंबा, शिवण, फणस अशी लाकडं वापरतात. शिवण फार गुणी लाकूड. हलकं, नीट वाळवलं तर वाकत नाही. फणसाचं लाकूड पिवळंधमक असतं, जुनं होईल तसं तपकिरी होतं, पाट-चौरंगाला उत्तम. आंबा स्वस्त पडतो, पण त्याला कीड लवकर लागते. म्हणून वस्तू घेताना उलटी करून बघा. बुडाला रंग नसेल तर लाकूड दिसतं. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि त्याखाली मैद्यासारखा भुसा असेल तर घेऊ नका. ती कीड घरातल्या बाकीच्या लाकडातही जाते.

आणि प्रत्येक दुकानात विचारा, "लाकूड कुठलं?" उत्तर देणारा माणूस स्वतः घडवतो की फक्त विकतो, ते दोन वाक्यांत कळतं. हे मी कुणाला कमी लेखायला म्हणत नाही. विकणारेही हवेतच. पण तुम्हाला घडताना बघायचंय म्हणून सांगितलं.

उकडा_भात

रंधा यांना अनुमोदन. आमच्याकडे विचारतात, "ह्यां लाकूड खंयचां?" कुडाळकडून आणखी एक भर घालतो. दोन दिवसांत वेळ उरला तर पिंगुळीला थांबा, कुडाळच्या अगदी लगत आहे. ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्या तिथे आहेत. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यातच संग्रहालय उभं केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बाहुल्याही लाकडीच, त्यामुळे तुमच्या विषयाला धरूनच आहे.

मीनाक्षी_घाट

बेत छान आहे, पण पुण्याहून सात-आठ तासांचा रस्ता, दोन दिवसांत जाऊन-येऊन, तेही आई आणि लहान मुलीला घेऊन? मला झेपलं नसतं. शिवाय सावंतवाडीची खेळणी पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत मिळतात की. आणि खरं सांगायचं तर दोन वर्षांपूर्वी मी गेले होते तेव्हा दुकानात निम्मा माल बाहेरून आलेला होता. लाखेचा गुळगुळीत माल तर थेट कर्नाटकातला. मला फार वाईट वाटलं होतं.

तांबडी_माती

मीनाक्षीताई, तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि ते मलाही बोचतं. कर्नाटकातल्या चन्नपट्टणचा माल आमच्या बाजारात येतो. तो वाईट नाही, त्याची जात वेगळी आहे. तिथले कारागीर काळ्या कुड्याच्या झाडाचं लाकूड यंत्रावर फिरवतात आणि फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी धरतात. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून अंगावर चढते. त्यामुळे तो माल गोल आणि चकचकीत. आमच्याकडेही कातकाम आणि लाखकाम आहेच. पण आमची खरी ओळख म्हणजे हातानं कोरलेली फळं-भाज्या आणि कुंचल्यानं रंगवलेले पाट, चौरंग. वांग्याच्या देठाचे काटे, कारल्याचा खडबडीतपणा, काजूच्या बोंडाखाली लटकलेली बी. हे यंत्रावर फिरवून होत नाही.

गिऱ्हाईकाला फरक कळला तरच दुकानदार आपला माल पुढे ठेवेल. गिऱ्हाईक नुसतं "स्वस्त काय आहे?" विचारत राहिलं, तर दुकानदारानं तरी काय करायचं? सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांना आणि गंजिफाला (इथल्या हातानं रंगवलेल्या गोल पत्त्यांना) भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण मानांकनाचा कागद पटाशी धरत नाही. एक माणूस दिवसभर बसून फणसाचे काटे कोरतो, त्याला त्या दिवसाचे पैसे मिळायला हवेत.

अंतराचं म्हणाल तर शुक्रवारी रात्रीची बस धरा आणि रविवारी दुपारी निघा. मुंबईकरांना कोकणकन्या आणि तुतारी या रात्रीच्या गाड्या आहेत. सावंतवाडी रोड स्टेशन मळगावात आहे, शहरापासून थोडं दूर. रिक्षा मिळतात.

सानूची_आई

एक शंका. रंगाचं काय? माझा मुलगा दीड वर्षाचा आहे, हातात येईल ते तोंडात घालतो. लाकडी म्हणजे सुरक्षित असं सगळे म्हणतात, पण वरचा रंग तर तैलरंगच ना?

रंधा

अगदी योग्य शंका. नुसतं लाकूड सुरक्षित असून चालत नाही. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, त्यात रंगातल्या शिशासारख्या जड धातूंची तपासणीही येते. मात्र केंद्राच्या हस्तकला विभागाकडे नोंदलेल्या कारागिरांच्या आणि भौगोलिक मानांकन असलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. लहान कारागिराला प्रयोगशाळेचा खर्च झेपणार नाही, म्हणून ती सूट मला योग्यच वाटते. पण त्यामुळे तपासायची जबाबदारी आपल्यावर येते. कुठला रंग वापरलाय ते सरळ विचारा. दीड वर्षाच्या बाळासाठी मी बिनरंगाचीच वस्तू घेईन. शिवणीचा खुळखुळा किंवा लहानसं लाटणं, कडा घासून घेतलेलं. वरून खोबरेल तेलाचा हात. रंगवलेली फळं चार वर्षांनंतर.

आठवा_अवतार

सावंतवाडीला जाताय आणि गंजिफाचं नुसतं नाव घेऊन सगळे पुढे गेले! राजवाड्यात जाऊन ती बघितल्याशिवाय येऊ नका.

गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी गंजिफाचा जोड १२० पानांचा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पानं: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. मत्स्याच्या पानावर मासे, कूर्माच्या पानावर कासवं, परशुरामाच्या पानावर परशू. तिघांनी खेळायचा डाव, प्रत्येकाला चाळीस पानं. निम्म्या रंगांत दश्शी वरचढ, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का. पहिल्या दिवशी डोकं गरगरतं. आणि मला सगळ्यात आवडणारा नियम: दिवसा खेळ असेल तर सुरुवात रामाकडून, रात्री असेल तर कृष्णाकडून. मुघली गंजिफा वेगळी, तिचे आठ रंग आणि ९६ पानं.

जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवायचे, वर खडूची भुकटी चढवायची, दगडानं घोटून गुळगुळीत करायचं आणि मग रंगवायचं. ही कला सावंतवाडीत जवळजवळ संपली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या दशकात एका वृद्ध चितारी कलाकाराकडून ती शिकून घेतली. सत्वशीलादेवी स्वतः कुंचला घेऊन बसायच्या. राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कलाकार बसून रंगवू लागले ते तेव्हापासून. २०१८ मध्ये त्या गेल्या, काम चालू आहे.

जोड महाग असतो. पण एक-एक सुटं पान किंवा लहान चौकट परवडते. आणि घेतलात तर खेळायला शिका. मी आणि माझे दोन मित्र दर महिन्याला एक रविवार खेळतो. पानं झिजतील म्हणून लोक हळहळतात. पत्ते हाताळण्यासाठीच असतात हो.

दूरदेशी

मी इंग्लंडमध्ये पूर्वेकडे राहते. हा धागा वाचून इथल्या एका जत्रेची आठवण झाली. सफोक परगण्यात हॉली पार्क नावाच्या जागी मे महिन्यात लाकूडकामाचा मेळा भरतो. आम्ही सहकुटुंब गेलो होतो. तिथे पायानं चालवायचं कातयंत्र पहिल्यांदा पाहिलं. लवचीक खांबाला दोरी, दोरीचा वेढा लाकडाला, खाली पायपट्टी. पाय दाबला की लाकूड एकीकडे फिरतं, सोडला की खांब दोरी वर ओढतो. लंडनच्या वायव्येला चिल्टर्नच्या बीच वृक्षांच्या रानात पूर्वी असेच कारागीर खुर्च्यांचे पाय कातायचे आणि ते हाय विकमच्या खुर्ची कारखान्यांना पुरवायचे. तो धंदा विसाव्या शतकात संपला. आता हौशी मंडळींनी ते कौशल्य पुन्हा उचललंय.

मेळ्यात माझ्या मुलानं ओल्या लाकडाचा चमचा स्वतः कोरला, म्हणून सांगतेय. ताई, सावंतवाडीत कुणी तुमच्या लेकीच्या हातात नुसता पॉलिश पेपर दिला तरी घ्या. चमचा वाकडा झालाय, पण आमच्या घरी पोह्यांना दुसरा चमचा चालत नाही. इथे ही कला हौस म्हणून जपावी लागली. आपल्याकडे चितारआळीत अजून तो लोकांचा रोजगार आहे. तो तसा राहावा असं फार वाटतं.

घाटावरची

मंडळी, जाऊन आलो! सगळ्यांचे मनापासून आभार. सविस्तर लिहिते.

शनिवारी सकाळी उतरलो. मुक्कामाच्या जागेचं आरक्षण आधी केलेलं होतं, पण जत्रेच्या गर्दीत ती खोली दुसऱ्यांना दिली गेली होती. आईला घेऊन रस्त्यावर उभं राहायची वेळ आली. रिक्षावाल्या दादांनी आपल्या ओळखीच्या एका घरी नेलं. त्या काकूंनी ओटीवर चटया टाकल्या आणि पाच मिनिटांत उकड्या तांदळाची पेज पुढे केली. आई म्हणाली, "खोली मिळाली नाही ते बरंच झालं."

चितारआळीत पहिल्या तीन दुकानांत विचारलं, "लाकूड कुठलं?" दोघांनी "चांगलं आहे, टिकाऊ आहे" म्हणून सांगितलं. तिसऱ्यानं "आंबा" म्हटलं आणि "घडवताना बघायचंय का?" असं स्वतःहून विचारलं. मागच्या पडवीत एक आजोबा पाटाच्या कडेवर वेल काढत होते. पेन्सिलीची रेघ नाही, काही नाही. कुंचला टेकवायचा, मनगट फिरवायचं, पान तयार. पाट फिरवत फिरवत चारही बाजू पूर्ण केल्या, आणि शेवटचं पान बरोबर पहिल्या पानाला येऊन भिडलं. मी अंतर मोजताना पाहिलंच नाही त्यांना.

पिशवीतून आमचा फणस काढून दिला. त्यांनी आधी तळहातावर तोलला, मग बोटानं टकटक केलं, मग रंग उडालेल्या जागेवर नख ओढलं. "पांगारो." रंधा, तुम्ही बरोबर होता. मग त्यांनी फणस उन्हाकडे धरून फिरवला आणि सांगितलं, की ह्याचा प्रत्येक काटा पटाशीनं वेगळा काढलाय. आता एवढे काटे काढायला परवडत नाही, थोडे काढायचे आणि बाकीचे रंगाच्या ठिपक्यांनी दाखवायचे. शेजारी त्यांचा आजचा फणस ठेवला. दोन्ही बघून मी गप्पच झाले. आजचाही सुंदर आहे. पण जुन्यावर बोट फिरवलं की खरा फणस आठवतो.

त्यांना म्हटलं, पूर्ण नव्यानं रंगवून द्या. ते नाही म्हणाले. "उडालो तेवढोच लावतंय. बाकीचो रंग आसा तसो ऱ्हवांदे." तेवढ्या जागेला हिरवा जुळवायला त्यांनी चार वेळा रंग कालवला. लेक बाजूला बसून होती. तिला लाकडाचा एक ठोकळा आणि पॉलिश पेपर दिला. दूरदेशी, मी लगेच हो म्हटलं! तासभर ती घासत बसली. निघताना आजोबांनी त्या ठोकळ्याला दोन डोळे आणि एक शेपूट काढून दिलं. तो आता मासा आहे.

दुरुस्तीचे पैसे ते घेईनात. मग मी त्यांना काटे कोरलेला एक नवा फणस सांगितला, जुन्यासारखा पूर्ण कोरलेला, लागेल तेवढे दिवस घेऊन आणि लागतील तेवढे पैसे घेऊन. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, लाकूड मिळालं तर करतो.

रात्री जत्रा. तांबडीमातीताई, तुमचा सल्ला सोन्यासारखा. लहान गाव, देवळाच्या आवारात विजेच्या माळा, खाज्याचा वास. काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे खाल्ले. एका कोपऱ्यात पोळपाट-लाटणी घेऊन एक आजी बसल्या होत्या. त्यांच्याकडून फणसाच्या लाकडाची एक रवी घेतली. पालखी झाली, आणि मध्यरात्रीनंतर दशावतार सुरू झाला. समोर एक साधं बाकडं, बाजूला पायपेटी, मृदंग, झांज. तेवढ्यावर राजवाडा, रान, रणांगण सगळं उभं राहिलं. संकासुर (दशावतारातला राक्षस) आला तेव्हा लेक माझ्या पदरात शिरली आणि एका डोळ्यानं बघत राहिली. आई पहाटेपर्यंत हलली नाही. गुडघ्यांचं नावही काढलं नाही.

रविवारी मोती तलावाच्या काठानं राजवाड्यात गेलो. लेस्टर गेटमधून आत शिरताना लेक पेंगत होती, पण गोल पत्ते बघून जागी झाली. कूर्माचं एक सुटं पान घेतलं, तिनेच निवडलं. आठवा_अवतार, खेळायला शिकवणार का? तीन माणसं आहोत घरी. पिंगुळी मात्र राहिलं. वेळ पुरला नाही आणि धावतपळत उरकायचं नव्हतं.

मीनाक्षीताई, दमणूक झाली हे खरंच. सोमवारी ऑफिसात डोळे मिटत होते. पण प्रदर्शनात मला तो फणस तोलून बघणारा हात भेटला नसता.

फोटो संध्याकाळी टाकते.

मीनाक्षी_घाट

वाचताना डोळे भरून आले. पुढच्या वर्षी मीही जाते. त्या पडवीचा रस्ता मला कळवाल का?

आठवा_अवतार

नक्की शिकवतो. १२० पानं लागतील, माझा जोड घेऊन येतो. दुपारी भेटू, म्हणजे रामापासून सुरुवात करता येईल.

रंधा

"लाकूड मिळालं तर करतो" इथेच माझं मन अडकलंय. कुणाच्या बांधावर जुना पांगारा उतरवायचा असेल तर सरपणाला देण्याआधी चितारआळीत विचारा, एवढी विनंती. ओंडके सावलीत, जमिनीपासून वर ठेवून वाळवावे लागतात, नाहीतर बुरशी धरते.

तांबडी_माती

रंधा, कालच भावाशी बोलले. आमच्या बागेच्या कडेला मिरीवेल चढवायला आजोबांनी लावलेले सहा पांगारे आहेत. त्यातला एक वाऱ्यानं कलला आहे, तो उतरवायचाच होता. भाऊ पुढच्या आठवड्यात ओंडका चितारआळीत नेऊन देतोय. ताई, तुमच्या फणसाचं लाकूड आलं असं समजा.

आणि पांगारा बियांपेक्षा फांदीवर लवकर लागतो. मनगटाएवढी जाड, पुरुषभर उंचीची फांदी पावसाच्या तोंडावर जमिनीत रोवायची, बस्स. काटे असतात, हात जपून. फुलं तांबडीलाल येतात आणि पक्षी नुसते तुटून पडतात. या जूनमध्ये आम्ही वीसेक फांद्या काढणार आहोत. ज्यांची गावी जमीन आहे त्यांनी इथेच लिहा, भाऊ बांधून ठेवेल.

उकडा_भात

माझ्या नावावर चार लिहा. कुडाळहून येऊन नेतो.